पेपर मोजून काय कळणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हवामान बदलाशी जुळवून कसं घ्यायचं यावर हल्ली सगळीकडे 'सहयोगी संशोधन' चालतं, म्हणजे विद्यापीठं, एनजीओ, सरकारी खाती आणि स्थानिक लोक सगळे मिळून. कल्पना चांगलीच आहे. पण ते जमलं की फसलं हे ठरवायचं कसं, यावर फारसं कुणी बोलत नाही म्हणून लिहितेय.

मी अशाच एका प्रोजेक्टमध्ये सर्व्हेचं काम केलंय. फॉर्ममध्ये प्रश्न होता, पुढच्या 30 वर्षांत पाऊसमान कसं बदलेल असं वाटतं? एक शेतकरी बाई म्हणाल्या, "ते राहू दे गं, पेरणी या आठवड्यात करू का पुढच्या, तेवढं सांग." हे लिहायला फॉर्मवर जागाच नव्हती, मग मी 'माहीत नाही'वर टिक केलं आणि पुढच्या घरी गेले. रिपोर्टात काय आलं, तर लोकांमध्ये दीर्घकालीन बदलांची जाणीव कमी आहे! त्यात माझाही हात होताच म्हणा.

2012 मध्ये कॅनडाची आयडीआरसी (विकास-संशोधनाला पैसे देणारी सरकारी संस्था) आणि ब्रिटनचं डीएफआयडी (परदेशी मदतीचं तेव्हाचं सरकारी खातं) यांनी आफ्रिका-आशियासाठी 'कॅरिआ' हा हवामान बदलाशी जुळवून घेण्यावरच्या संशोधनाचा कार्यक्रम काढला, त्यात अनेक देशांतल्या संस्थांचे 4 गट होते आणि विभागणी देशांप्रमाणे नाही तर निमकोरडे प्रदेश, त्रिभुज प्रदेश, हिमनद्यांवर जगणारी नदीखोरी अशी, आणि हे मला खरंच पटतं, कारण दुष्काळ काही सरहद्द बघून येत नाही. फक्त एवढ्या संस्था एकत्र आल्या की करार, बजेट आणि कुणाचं नाव आधी यातच बराच वेळ जातो, आणि तो खर्च कुठल्याच मूल्यमापनात धड दिसत नाही.

मुळात मोजायचं काय हीच अडचण आहे. हरितवायूंचं उत्सर्जन निदान टनात मोजता येतं, जुळवून घेण्याला असं मापच नाही. पूर आलाच नाही तर तयारी बरी होती का ते कळत नाही, आणि एखाद्या खात्याने धोरण बदललं तर ते संशोधनामुळे की गेल्या वर्षीच्या दुष्काळामुळे, कोण सांगणार? मग सोपं ते मोजतात, पेपर म्हणजे शोधनिबंध किती, वर्कशॉप किती. आयपीसीसीने (हवामान बदलावरची संयुक्त राष्ट्रांची शास्त्रीय समिती) 2022 च्या अहवालात म्हटलंय की बरंचसं अनुकूलन, म्हणजे हे जुळवून घेणं, तुटक आणि छोट्या प्रमाणावरचं आहे. पेपर तर ढिगाने निघतायत.

माझं म्हणणं, प्रोजेक्ट संपल्यावर 3-4 वर्षांनी परत जायचे पैसे सुरुवातीलाच बाजूला काढा, आणि प्रश्न कुणी ठरवले होते हे आधी तपासा. आणि हो, फॉर्मच्या शेवटी एक कोरं पान ठेवा.

आपली,
एक वाचक