ग्रामसभा काटा झाल्यावर घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या गावात ग्रामसभा नेमकी सकाळी अकराला ठेवतात. कापसाच्या दिवसांत त्या वेळी गावात असतं कोण? बाया डबा घेऊन केव्हाच वावरात गेलेल्या असतात. वेचणीची मजुरी किलोवर, काटा होतो संध्याकाळी. सभेपायी घरी थांबलं की तेवढे पैसे बुडाले. मग 15 टक्के मतदार किंवा 100, यांतलं जे कमी तेवढीही माणसं जमत नाहीत, सभा तहकूब होते. आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही! पाच-सात टाळकी बसून वर्षाचा आराखडा मंजूर करतात. मी एक टर्म सदस्य होते, हा खेळ जवळून पाहिला आहे. महिला सभेचं तर विचारूच नका, तिचं नुसतं रजिस्टर घरोघर फिरतं.

मध्यंतरी एक हिवाळा मुलीकडे होते, अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिसला. वस्तीने हे शहर आपल्या अमरावतीपेक्षा लहानच. अमरावती महापालिकेत 87 नगरसेवक, तिथे 13. सगळं गोडगोड आहे असं मुळीच नाही. 2020 मध्ये पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइडचा जीव गेला तो याच शहरात. बर्फ पडला की घरासमोरचा फुटपाथ 24 तासांत आपणच साफ करायचा, नाहीतर शहरवाले करून घेतात आणि बिल धाडतात. जावईबापू पहाटेच फावडं घेऊन बाहेर. इकडे असताना कधी नालीत फावडं घातल्याचं आठवत नाही.

नोव्हेंबरात त्यांच्याकडे घरपट्टीचा कागद आला. बिल नव्हे, पुढच्या वर्षी किती लावायचा विचार आहे, त्याची आगाऊ सूचना. यंदा किती, पुढे किती, त्यातले काउंटीला (म्हणजे त्यांच्या जिल्ह्याला) किती, शहराला किती, शाळांना किती, सगळं वेगवेगळं. शिवाय या करावर बोलायला कोणाची सभा कधी आणि कुठे, तेही. ही सभा संध्याकाळी सहाच्या आधी घ्यायचीच नाही, असा राज्याचा कायदा आहे. मुलीसोबत मीही गेले. गर्दी फार नव्हती. एक म्हातारी काठी टेकत माइकपाशी आली. पेन्शन तेवढीच अन् कर कसा वाढतो, म्हणून तिने नगरसेवकांना चांगलं धारेवर धरलं. कर काही कमी झाला नाही. पण ड्यूटीवरून सुटलेली माणसं अंगावरच्या युनिफॉर्मसकट येऊन बोलून गेली.

आपल्याकडे निदान ऑक्टोबर ते जानेवारी ग्रामसभा सातनंतर घ्यायला काय हरकत आहे? समाजमंदिरात लाइट आहे, भोंगा आहे. घरपट्टीच्या मागणी बिलाची मागची बाजू कोरीच असते. पाणीपट्टीचे आले किती, मोटारीवर गेले किती, ते तिथे छापा. यावर उत्तर ठरलेलं: सचिवसाहेब तालुक्याहून येतात, रात्री परत जायला त्यांना त्रास होतो. म्हणजे एका माणसाच्या सोयीसाठी अख्ख्या गावाने मजुरी पाडायची!

जिल्हा परिषदेकडे जावं, तर 2022 मध्ये मुदत संपली आणि तिथे प्रशासक बसले. सर्कलमध्ये निवेदन द्यायला सदस्यच उरला नाही, म्हणून तुम्हाला लिहिते.

— एक कापूस उत्पादक महिला, माजी ग्रामपंचायत सदस्य,
ता. राळेगाव, जि. यवतमाळ