सूचना : लिंक्डइन प्रोफाइल अद्ययावत करण्याबाबत

सर्व सदस्यांना कळविण्यात येते की, पुढील मासिक बैठकीपूर्वी प्रत्येकाने आपले लिंक्डइन प्रोफाइल तपासून अद्ययावत करावे. नावाखालच्या मथळ्यासाठी तेथे 220 अक्षरांची मर्यादा आहे. शोधाच्या यादीत मात्र बहुधा त्याचा सुरुवातीचाच भाग दिसतो, त्यामुळे केवळ पदनाम देऊन न थांबता आपण नेमके कोणते काम कोणासाठी करतो, हे पहिल्या काही शब्दांतच यावे. ‘मेहनती’, ‘उत्साही’, ‘ध्येयवादी’ ही विशेषणे कृपया वगळावीत, कारण ती कोणालाही चिकटवता येतात. ‘गोदामातील साठ्याच्या नोंदी संगणकावर आणल्यामुळे महिनाअखेरची मोजणी तीन दिवसांऐवजी एका दिवसात होऊ लागली’ असे एकच वाक्य त्याहून बरेच काही सांगून जाते. अर्थात, आकडे खरे असावेत, सर्वांनी मिळून केलेले काम एकट्याच्या नावावर दाखवू नये आणि आपल्या संस्थेची गोपनीय माहिती उघड करू नये. छायाचित्र अलीकडचे असावे. रोज काहीतरी लिहिलेच पाहिजे, असा आग्रह मुळीच नाही. आपल्या विषयातील एखाद्या प्रश्नाला दिलेले नेमके उत्तर अधिक उपयोगी पडते. ज्यांना मसुदा तपासून हवा असेल, त्यांनी तो बैठकीच्या दोन दिवस आधी सचिवांकडे पाठवावा.