तुझं 'छान'

सोलापूर, गुरुवार

चि. अमोल,
अनेक आशीर्वाद.

तिकडे चीनमध्ये तुला तीन दिवस ताप होता, हे मला परवा ताईकडून कळलं. त्याच तीन दिवसांत आपण दोनदा बोललो आणि दोन्ही वेळा तू "छान आहे गं" म्हणालास. रागावून लिहायचं नाही असं ठरवून बसले आहे.

ध्यान हा आपला शब्द भिक्षूंबरोबर चीनला गेला, तिथे त्याचा 'छान' झाला आणि पुढे जपानात झेन, हे तूच मला सांगितलंस. मी भिशीला सगळ्यांना सांगितलं, आमच्या अमोलनं सांगितलं म्हणून. आता तो शब्द ऐकला की पोटात गोळा येतो.

दहावीला भूगोलाच्या पेपरला तू कावीळ अंगावर काढलीस. अप्पांनी खिडकीपाशी नेऊन तुझे डोळे पाहिले, तेव्हा ते हळदीसारखे झाले होते. तेव्हाही तू छानच होतास.

शिआनच्या त्या पॅगोड्याचा फोटो मी देवघराशेजारी लावलाय. ह्युएन त्संगने इथून ६५७ ग्रंथ नेले आणि ते जपायला ६५२ साली तो बांधला, हे मी पाहुण्यांना सांगते. पण तो बर्फाचे डोंगर ओलांडून आला ना इकडे, तेव्हा लागलेलं थंडीचं दुखणं त्याला म्हातारपणापर्यंत पुरलं. तुमच्याकडे आता थंडी पडेल. कानटोपी घालत जा.

६४१च्या सुमारास तो आपल्या महाराष्ट्रात आला होता, पुलकेशीच्या राज्यात. इथल्या लोकांबद्दल त्यानं लिहून ठेवलंय की उपकार विसरत नाहीत, अपमानही विसरत नाहीत, आणि कुणी अडचणीत हाक मारली तर स्वतःला विसरून धावतात. नाशिकच्या मामांना हे वाचून छाती फुगल्यासारखं झालं. मला मात्र 'स्वतःला विसरून' हेच टोचत राहिलं. तुझ्या खोलीतल्या त्या मुलाचा पाय मोडला तेव्हा महिनाभर त्याचं जेवण चार जिने चढून तू आणलंस. चांगलंच केलंस. पण तुझ्या तापात तुला पाणी कुणी दिलं?

परवा भैय्या चौकातून रिक्षा गेली आणि डॉ. कोटणीसांचं घर दिसलं. लहानपणी तुला तिथे मीच नेलं होतं. १९३८ साली पाच डॉक्टर चीनच्या मदतीला गेले, नागपूरचे चोळकरही होते त्यांत. चौघं परत आले, हा राहिला. वडील गेल्याची बातमी तिकडेच कळली, तरी राहिला. फिट यायच्या, तरी ऑपरेशनं, शिकवणं, वर शस्त्रक्रियेचं पुस्तक लिहिणं चालूच. ९ डिसेंबर १९४२ ला गेला. वय ३२. मुलगा साडेतीन महिन्यांचा. त्याचं नाव यिनहुआ, यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन. शिच्याच्वांगला त्याच्या समाधीवर अजून लोक फुलं वाहतात. तू तिथे जाऊन आलास, फूल ठेवलंस, तेव्हा मी रडले, अभिमानानं रडले. पण रात्री झोप आली नाही. मनात एकच, त्याच्या आईला आजारपणाचं कुणी कळवलं होतं का? तेव्हा लढाई होती, पत्रांना महिने लागत. तुझ्या हातात तर फोन आहे.

बघ, पुन्हा तिथेच आले. उपदेश नको म्हणत होते, आणि पानभर तेच लिहिलं. माफ कर. तू एवढ्या लांब, त्यांच्या भाषेत शिकतोस, माणसं जोडतोस, हे आमच्या घरात कुणालाच जमलं नव्हतं. अप्पा असते तर त्यांनी चौकात पेढे वाटले असते.

शेंगाची चटणी देशमुखांच्या मुलाबरोबर पाठवतेय, जास्त तिखट केलेली नाही. गड्ड्याच्या जत्रेला तू नसशील, ते मी मनाशी धरून चालले आहे. माईआत्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, तिला फोन कर.

हे पत्र ताई फोटो काढून पाठवेल. थर्मामीटर निळ्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात आहे, करड्या मोज्यात गुंडाळलेला. वाचलंस की ताप बघ आणि आकडा कळव. छान म्हणू नकोस, आकडाच कळव.

तुझी,
आई