प्राध्यापकी नसली तरी

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

फोनवर माझ्या नोकरीचा विषय निघाला की आपण तिघंही एकदम बोलतो, म्हणून लिहितेय.

बाबा, तुम्ही म्हणता प्राध्यापकाच्या जागेची वाट बघ. कायम जागा निघतात कधी तरी, आणि एका जागेला अर्ज किती येतात ते तुम्हाला ठाऊक आहे. तोवर तासिका तत्त्वावर शिकवायचं, म्हणजे जेवढे तास तेवढेच पैसे आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत काहीच नाही. माझ्याबरोबरची एक जर्मनीत पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन, करतेय, तिचंही कंत्राटच. एक जण यूपीएससीची भूवैज्ञानिकांची परीक्षा देऊन केंद्रीय भूजल मंडळात लागला. त्या परीक्षेची वयाची अट 32 आहे. माझा पीएचडीचा प्रबंध संपेस्तोवर ती उलटून गेली होती.

म्हणून गावोगावी भूजलाचं काम करणारी ही संस्था. आई, तू शेजारी सांगतेस की मी समाजसेवा करते. तसं सांगू नकोस गं, मला पगार मिळतो आणि काम भूशास्त्राचंच आहे. आपल्या राज्याचा सुमारे 82 टक्के भाग बेसाल्टचा. काळा पाषाण पाणी धरत नाही, ते असतं वरच्या मुरमात, मांजऱ्यात (म्हणजे सच्छिद्र खडकात) आणि भेगांमध्ये. म्हणून एकाच्या विहिरीला पाणी आणि बांधापलीकडे कोरडी बोअर, असं होतं. गावातल्या विहिरींची पातळी मोजून हे थर नकाशावर आणायचे, एवढं मला प्रबंधानेच शिकवलं.

अवघड काम पुढचं, ग्रामसभेतलं. सार्वजनिक पिण्याच्या विहिरीपासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेऊ नये, हा नियम राज्यात 1993 पासून आहे. पण तो सभेत वाचून दाखवला की ज्याची बोअर ठरलेली असते, तो माझ्याकडे बघतच नाही. लोक तळहातावर नारळ उभा करणाऱ्या पाणाड्याला पैसे देतात आणि मला विचारतात, "मॅडम, तुम्ही नक्की सांगाल का?" नक्की सांगता येत नाही, शक्यता सांगता येते. परीक्षकांपुढे हे वाक्य सहज खपलं होतं. इथे समोरच्याने बोअरसाठी कर्ज काढलेलं असतं. हिवरे बाजारला दरवर्षी पावसाळ्यानंतर पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडतात आणि त्यावरून पिकं ठरवतात. तो आकडा काढायला शास्त्र लागतं, पण आकडा मानायचा की नाही ते गावच ठरवतं. मला दोन्हीकडे बसायला आवडतं, खरं सांगायचं तर प्रयोगशाळेपेक्षा जास्त.

पेन्शन नाही, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. पीएफ कापला जातो, वेगळी बचतही सुरू केलीय. दिवाळीला येईन तेव्हा कागद दाखवते.

आणि बाबा, एक काम. आपल्या विहिरीची पातळी मे अखेरीस आणि पुन्हा ऑक्टोबरात दोरी सोडून मोजा. काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर हवंय, आणि मोजायच्या आदल्या रात्रीपासून मोटर बंद ठेवा.

तुमची,
मनू