बुडाल्याची बातमी अर्धीच का छापता?

माननीय संपादक,

सुट्ट्या लागल्या की आपल्या अंकात एक ठरावीक बातमी येऊ लागते. अमुक जण फिरायला गेले, पोहण्याचा मोह आवरला नाही, पाण्याचा अंदाज न आल्याने एकाचा बुडून मृत्यू झाला, त्याला वाचवायला उतरलेला मित्रही गेला. मग कुटुंबावर कोसळलेला दुःखाचा डोंगर, पंचनामा, आणि बातमी संपते. पाणी किती गार होतं, काठापासून किती आत गेले होते, सोबत कोण होतं, काठावर साधी दोरी तरी होती का, यातलं काही त्यात नसतं. वाचणाऱ्याच्या हाती लागतं ते एवढंच, की पाण्याच्या वाटेला जाऊ नये. मला ते पटत नाही. मी साठी ओलांडलेली, बँकेत कॅशियर म्हणून नोकरी करून निवृत्त झालेली बाई आहे आणि नुकतीच सुट्टीवर असताना एका तळ्यात अनोळखी माणसांबरोबर पोहून आले. तिथे जे पाहिलं ते आपल्या वार्ताहरांच्या उपयोगी पडावं, म्हणून हे पत्र.

आम्ही जिथे उतरलो होतो तिथल्या मालकीणबाई सहज म्हणाल्या, सकाळी काही मंडळी तळ्यात पोहायला जमतात, कुणीही या, फी नाही की फॉर्म नाही. आमचे हे लगेच म्हणाले, "तू टँकवाली. तिथे धरायला भिंत कुठून आणणार?" बोलणं खोचक होतं, पण मुद्दा बिनतोड होता. टँकमध्ये दर पंचवीस मीटरला हात टेकतो. ती घटकाभराची विश्रांती असते हे वर्षानुवर्षं पोहूनही लक्षात येत नाही.

काठावर ज्या बाईंकडे पुढारपण होतं त्या माझ्या मुलीच्या वयाच्या असतील. फॉर्म नव्हता हे खरं, पण त्यांनी माझी जी उलटतपासणी घेतली तेवढी कर्ज मंजूर करतानाही कुणी घेत नाही. "काकू, भिंतीला हात न लावता शेवटचं किती वेळ पोहलात? गार पाण्यात कधी गेलात? बीपी, दमा, हृदयाचं काही? काल रात्री थोडी घेतली होती का?" शेवटच्या प्रश्नाला आमचे हे मोठ्याने हसले. बाई हसल्या नाहीत.

मग त्यांनी दोरीला बांधलेला थर्मामीटर पाण्यातून ओढून काढला आणि माझ्यासमोर धरला. १९ अंश. हवेत हा आकडा सुखाचा वाटतो. पण पाणी अंगातली ऊब हवेपेक्षा कितीतरी वेगाने, साधारण पंचवीसपट वेगाने, ओढून नेतं. टँकचं पाणी बहुधा २६ ते २८ अंशांचं असतं, त्यामुळे तिथे आपल्याला हे कधी कळतच नाही. खुल्या पाण्यातल्या आंतरराष्ट्रीय शर्यतींचे नियम तर आकड्यांतच बोलतात: १६ अंशांखाली शर्यत नाही, १८ च्या खाली वेटसूट, म्हणजे ऊब राखणारा रबरी पोशाख, सक्तीचा, आणि पाणी ३१ च्या वर गेलं तरीही शर्यत नाही. आपल्या बातम्यांत मात्र 'थंडगार पाणी' यापलीकडे आकडा मला कधी दिसलेला नाही.

त्यांची हिशेबाची पद्धत मला फार आवडली. दोन झाडांमध्ये सुतळी ताणलेली आणि शेजारी कपडे वाळत घालायच्या चिमट्यांचा डबा. पाण्यात उतरणाऱ्याने एक चिमटा सुतळीला लावायचा, बाहेर आल्यावर स्वतःच्या हाताने काढायचा. नेहमीच्यांना कुठलाही रंग चालतो, नवख्या पाहुण्यांना लालच. सुतळीवर चिमटा आहे तोवर माणूस पाण्यात आहे. मला लाल मिळाला. जरा जुना होता, स्प्रिंग सैल झालेली, दोनदा गळून पडला. बाईंनी मुकाट्याने बदलून दिला. पाठीमागे दोरीने ओढत न्यायचा नारिंगी फुगाही कमरेला बांधला आणि बजावलं, "हा तुम्ही दिसावं म्हणून आहे. तुम्हाला वाचवायला नाही." निळी टोपी त्यांनी काढायला लावली. निळ्या पाण्यात ती दिसत नाही म्हणे, आणि काठावरून पाहिल्यावर ते पटलं.

आता उतरण्याबद्दल. आपल्याकडच्या बातम्यांत 'उडी घेतली' हे शब्द हमखास असतात, म्हणून इथे जरा थांबते. मला कमरेइतक्या पाण्यात उभं केलं. आधी मानेवर, मग तोंडावर पाणी मारायला लावलं. छाती पाण्याखाली गेली तसा माझ्याही नकळत खाडकन श्वास आत ओढला गेला आणि मग धाप, जणू जिना चढून आले आहे. बाई शेजारी उभ्या राहून माझ्याशी गप्पा मारत होत्या. मी पूर्ण वाक्य बोलू शकते का, हे त्या पाहत होत्या. दोन-तीन मिनिटांत धाप बसली. ही शरीराची आपोआप होणारी प्रतिक्रिया आहे, पट्टीच्या पोहणाऱ्यालाही चुकत नाही. १५ अंशांखाली तर ती फारच जोरात येते. उडी मारणाऱ्याचा हा पहिला श्वास पाण्याखाली ओढला जातो. काठाजवळ, नुकताच उतरलेला, चांगला पोहणारा तरुण बुडतो तेव्हा 'पोहता येत असूनही' असं आपण आश्चर्याने छापता. आश्चर्य वाटण्याजोगं त्यात फारसं नाही.

पोहताना काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण ते सुखाचं होतं आणि सुखाला बातमीमूल्य नसतं. टँकसारखी तळाला काळी रेघ नाही, त्यामुळे मी सरळ जाते आहे या समजुतीत तिरकी जात होते. दर सात-आठ हातांनी डोकं उचलून समोरचं ठरवलेलं झाड बघायचं, हे जमायला वेळ लागला. वरचं पाणी उन्हाने जरा कोमट होतं, पण उभी राहायला पाय खाली सोडले की पोटऱ्यांना एकदम गार थर लागायचा. सगळे आधी वाऱ्याच्या विरुद्ध गेले, येताना वारा पाठीशी. उलट केलं असतं तर जाताना मजा आणि दमल्यावर लाटा तोंडावर. पलीकडचा काठ जवळ वाटतो, कारण मध्ये अंतर मोजायला काहीच नसतं. आम्ही पलीकडे गेलोच नाही, काठाला समांतर पोहलो. एक मुलगा कयाक, म्हणजे वल्ह्याची छोटी होडी, घेऊन बाहेरच्या बाजूने येत होता.

परत आल्यावर सगळे टॉवेल गुंडाळून उभे राहिले, गप्पा सुरू झाल्या, आणि बाईंचं लक्ष सुतळीकडे गेलं. एक लाल चिमटा उरला होता.

दिवसअखेर कॅश टॅली होत नाही तेव्हा कमी भरलेली नोट बहुतेक वेळा कुठल्या तरी बंडलाला चिकटलेलीच असते, पण ती सापडेपर्यंत कुणी घरी जात नाही. इथे तसंच झालं. त्यांनी लांब शिट्टी मारली. कुणालाही पाण्यात शिरू दिलं नाही. शेवटचं कुणी पाहिलं, कुठे पाहिलं, हे आधी विचारलं. एक जण नारिंगी फुगा दिसतो का ते बघायला खडकावर चढला, कयाकवाला मुलगा लव्हाळ्याच्या कडेने परत निघाला. आमच्या ह्यांच्या चेहऱ्यावरचं हसू तेव्हा कुठे गेलं.

तेवढ्यात तो गृहस्थ रस्त्याने चालत आला. अनवाणी, खड्यांवर पाय चुकवत, फुगा काखेत. माझ्यासारखाच सुट्टीवर आलेला. दम लागला म्हणून वाटेतच काठावर निघाला होता आणि चालत परत येत होता. "त्यात एवढं काय झालं?" असं त्याने विचारलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "निघालात ते उत्तम केलंत. हात वर करून सांगून निघायचं." मग त्याला चिमटा काढायला लावला. चेहऱ्यावरून त्याला राग आलेला दिसत होता. मला विचाराल तर त्या बाईंचा संयम मोठा. मी चार शब्द जास्त सुनावले असते.

हा अतिरेक वाटत असेल तर २०१० सालची गोष्ट आठवा. संयुक्त अरब अमिरातीत फुजैरा इथे दहा किलोमीटरची जागतिक चषक शर्यत होती. पंच होते, नावा होत्या, नावाजलेले जलतरणपटू होते. अमेरिकेचा २६ वर्षांचा फ्रान क्रिपेन शेवटच्या रेषेपर्यंत पोचलाच नाही. तो आला नाही हे लक्षात आलं ते बाहेर आलेल्या सहकारी खेळाडूंच्या, आणि त्याचा मृतदेह तासाभराहून अधिक काळाने सापडला. पाणी गार नव्हतं, उलट फार कोमट होतं. ३१ अंशांची वरची मर्यादा त्यानंतर आली.

'पोहण्यास सक्त मनाई'चे फलक मी पुष्कळ पाहिले आहेत. त्याच फलकाच्या खांबाला कपडे टांगून लोक उतरतात. काही ठिकाणी मनाई हवीच: धरणाच्या दरवाज्यांजवळ, पाणी उपसण्याच्या जागी, पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखी शेवाळाची साय आलेली असेल तिथे. पण बाकी ठिकाणी जे एकटेदुकटे जाणारच आहेत, त्यांनी अशा चिमटेवाल्या मंडळींबरोबर गेलेलं मला शतपटीने बरं वाटतं. खरं तर त्या सकाळी मी टँकपेक्षा जास्त लोकांच्या नजरेखाली होते.

तेव्हा माझं मागणं आपल्या वार्ताहरांकडे आहे. पाण्याचं तापमान विचारा. कुणाला माहीत नसेल तर तसं छापा. उडी मारली की चालत उतरला, ते विचारा. किती जण उतरले आणि मोजणारा कोण होता, ते विचारा. 'मदतीसाठी आरडाओरडा केला' हे वाक्य कुणी प्रत्यक्ष ऐकलं असेल तरच लिहा. बुडणारा बहुधा ओरडू शकत नाही. त्याला श्वासच पुरत नसतो. फ्रँक पिया या अमेरिकी जीवरक्षकाने हे पुष्कळ वर्षांपूर्वी मांडलं: तोंड पाण्याच्या वर-खाली होतं, हात बाजूंना पाणी दाबत राहतात, आणि सगळं २० ते ६० सेकंदांत आटोपतं. शेजारच्यांना वाटतं पोरगा खेळतो आहे.

संयुक्त राष्ट्रांनी २५ जुलै हा बुडण्याच्या घटना रोखण्याचा दिवस म्हणून २०२१ मध्ये ठरवला. त्याच वर्षी जगभरात सुमारे तीन लाख माणसं बुडून गेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्या दिवशी अग्रलेख नको. पान एकवर एक चौकट पुरे: गार पाण्यात हळू उतरा, धाप लागली तर उताणे होऊन तरंगा आणि ती बसू द्या, बाहेर आल्यावर आधी कोरडे व्हा आणि कपडे घाला, लगेच गरम पाण्याखाली उभे राहू नका, कारण बाहेर आल्यावरही काही वेळ शरीर आतून गार होतच राहतं. आणि वाचवायला उडी घेतलेल्या मित्राची बातमी कराल तेव्हा काठावर फेकण्याजोगं काय पडलं होतं, तेही लिहा. झाकण घट्ट लावलेला रिकामा पाच लिटरचा कॅन आणि त्याला बांधलेली दोरी एवढंही चालतं, आणि सहलीला निघालेल्या बहुतेक गाड्यांत कॅन असतोच.

आपली,
एक जुनी वाचक
(नाव छापू नये, ही विनंती.)