अर्जातल्या ‘डिसिप्लिन’च्या रकान्यासाठी मॅडमचे आभार

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

आमच्या तालमीतल्या पोरापोरींना तुम्ही ओसरीवर बसवून स्पर्धेचे अर्ज भरून घेतलेत. तोंडी आभार मानून माझं समाधान होईना. शिवाय कराड भागातल्या इतर तालमींनाही उपयोग व्हावा, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय.

नाव, जन्मतारीख, वजनगट इथवर पोरांनी झरझर लिहिलं. पुढं ‘डिसिप्लिन’चा रकाना आला आणि सगळ्यांची पेनं थांबली. शिस्त विचारतायत, तर लिहायचं काय? तुम्ही सांगितलंत की खेळाच्या कागदावर डिसिप्लिन म्हणजे खेळाचा प्रकार. कुस्ती हा खेळ, आणि फ्रीस्टाइल, ग्रीको-रोमन या त्यातल्या डिसिप्लिन. तेवढं कळल्यावर पुढचं सांगणं माझं काम होतं. ग्रीको-रोमनमध्ये कमरेखाली धरायचं नाही, डावाला पाय लावायचा नाही. म्हणजे आपला एकेरी पट, दुहेरी पट, हे एक किंवा दोन्ही पाय धरून पाडायचे डाव तिथं बाद. ज्याची सगळी कुस्ती पटावर चालते त्यानं त्या रकान्यात काय लिहावं, हे मग त्याचं त्यालाच उमगलं. ऑलिम्पिकमध्ये 2004 पासून मुली लढतात त्या फ्रीस्टाइलच. आपल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचं 1952 चं हेलसिंकीचं ब्राँझपदकही फ्रीस्टाइलमधलंच. हे ऐकल्यावर पोरींनी तो शब्द किती जपून, वळणदार लिहिला, ते तुम्ही पाहिलंतच.

त्याच अर्जाच्या तळाशी नियमांत ‘डिसिप्लिनरी अ‍ॅक्शन’ होतं. तिथं मात्र अर्थ शिस्तभंगाची कारवाई. एका मुलीच्या कॉलेजच्या अर्जातही डिसिप्लिन होतंच. तिथं तुम्ही ‘इतिहास’ लिहायला लावलंत, कारण शिक्षणात त्याचा अर्थ ज्ञानशाखा. एकच शब्द तीन ठिकाणी तीन कामं करतो म्हटल्यावर पोरं बिचकली. तेव्हा तुम्ही दिलेली खूण मी तालमीच्या फळ्यावर लिहून ठेवलीय. शब्दाच्या मागं ‘अ’ किंवा पुढं ‘एस’ लागला असेल, तर बहुधा प्रकार नाहीतर शाखा समजायची. शिस्त या अर्थी असेल तर तो शब्द मोजत नाहीत, त्यामुळं ‘एस’ लागत नाही. इतकी वर्षं पोरं इंग्रजी शिकतात, पण अशी हाताला येणारी खूण त्यांना क्वचितच कुणी देतं.

सगळ्यात मोठे आभार त्या माउलीच्या वतीनं. तिच्या लेकाबद्दल एका शिबिरातून इंग्रजी पत्र आलं होतं आणि त्यात ‘वॉज डिसिप्लिन्ड बाय’ असं होतं. ‘डिसिप्लिन्ड’ एवढंच दिसलं की पोरगा शिस्तीचा आहे असं वाटतं, आणि ‘अ डिसिप्लिन्ड रेसलर’ म्हटलं तर ती खरोखर शाबासकीच असते. पण मागं ‘वॉज’, पुढं ‘बाय’ आणि त्यापुढं समितीचं नाव, म्हणजे समितीनं त्याला शिक्षा केलीय. तुम्ही हे तिला घाबरवून न सांगता शांतपणे सांगितलंत, आधी पोराचं म्हणणं ऐकून घेतलंत आणि खुलाशाचं पत्रही तिथंच लिहून दिलंत. मुदतीच्या आत ते पोहोचलं. त्या पत्राचा अर्थ वेळेत कळला नसता, तर खुलासा द्यायचा असतो हेच त्या घराला समजलं नसतं.

जाता जाता तुम्ही म्हणालात, हा शब्द लॅटिनमधून आला, त्याच्या मुळाशी शिकणं आहे आणि शिष्याला म्हणतात तो ‘डिसायपल’ त्याच घरातला. शिक्षेचा अर्थही इंग्रजीत फार जुना आहे, हेही तुम्ही लपवलं नाहीत. मला मात्र शिकण्याचा अर्थ जवळचा वाटतो. पहाटे लाल माती उकरणारं पोर वस्तादाच्या धाकानं आठवडाभर येईल. पुढं वर्षानुवर्षं जोर-बैठका मारतं ते डाव शिकायची ओढ असते म्हणूनच. आमच्यात काही जण अजून काठीलाच शिस्त समजतात. त्यांच्याशी माझं जमत नाही, आणि तुमच्यामुळं आता मला त्यांच्याशी बोलायला चांगला आधार मिळालाय.

पुढचे अर्ज पोरं त्या फळ्याकडं बघून स्वतः भरतील. शेवटी नजर घालायला मात्र तुमच्याकडेच घेऊन येऊ. आणि मॅडम, एकदा संध्याकाळी तालमीत या. पोरींना तुम्हाला दुहेरी पट काढून दाखवायचाय.

आपला,
तालमीतला वस्ताद
ता. कराड, जि. सातारा