उपवासाआड लपलेला आजार

महोदय,
मुलींच्या ‘डाएट’वरील आपल्या पुरवणीतील लेखात अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसाला बारीक दिसण्याचे वेड म्हटले आहे. हे मला अजिबात पटले नाही. वजन वाढण्याच्या भीतीने खाणेच टाळत जाण्याचा हा मानसिक आजार आहे आणि तो जीवघेणा ठरू शकतो. बरगड्या दिसू लागल्या तरी रुग्णाला आपण जाडच आहोत असे वाटते. तिथे रागावून किंवा शपथ घालून काही साधत नाही.

माझ्या भाचीचा आजार आम्ही वर्षभर ओळखला नाही. आधी चतुर्थी, मग एकादशी, मग दर गुरुवार असे उपवास वाढत गेले आणि घरात तिच्या श्रद्धेचे कौतुकच झाले. पाळी थांबली, जिना चढताना ती कोसळली, तेव्हा कुठे आम्ही डॉक्टर गाठले. दीर्घ उपासमारीनंतर एकदम भरपूर खाऊ घातले तर रक्तातील फॉस्फेट हा आवश्यक क्षार घसरून हृदयावर बेतू शकते, हे तिथेच कळले. आम्ही तर तिला तूप-साखर भरवायला निघालो होतो! फिजिशियन, मानसोपचारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ असे तिघे मिळून हा उपचार करतात. किशोरवयीन रुग्णांच्या उपचारात आईवडिलांचा सहभागही मोलाचा असतो.

नागपुरात मेडिकलमध्ये, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, मानसोपचार विभाग आहे. ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत सल्ला मिळतो, मराठीतूनही. ही माहिती आपण पुढच्या पुरवणीत ठळकपणे छापावी, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, प्रतापनगर, नागपूर